घोड्याचं पोर्ट्रेट काढताय? या चुका टाळा

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की पोरं मला घोड्यांची चित्रं आणून दाखवतात, आणि दरवर्षी चुका त्याच.

सगळ्यात मोठी चूक कानाची. डोळा, आयाळ, अंगावरची चमक यात सगळा वेळ घालवायचा अन कान शेवटी दोन त्रिकोण काढून उरकायचे. अरे, घोड्याचा मूड कानात असतो! पुढे टवकारले तर लक्ष आहे, बाजूला सैल पडले तर निवांत, मागे मानेला चिकटले की समजायचं आता चावा नाहीतर लाथ. एका पोराने एका मालकाची नुकरा, म्हणजे पांढरी, मारवाडी घोडी काढली, रंग सुंदर, गुलाबी नाकपुड्यासुद्धा बरोबर, पण वेग दिसावा म्हणून कान मागे चपटे करून टाकले. मालक बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मनी घोडी चावस का रे भाऊ?" चित्र त्याने घेतलं नाही, आणि मला ते पटलं, कारण घोडी इतकी गरीब की घरातली लेकरं तिच्या पोटाखालून जायची. शिवाय मारवाडीचे कान आत वळून टोकाला टोक लागतं, तेही नव्हतं. नेटवरचा विलायती घोडा समोर ठेवल्यावर दुसरं काय होणार! मी आधी कानच काढते, ते जमेपर्यंत डोळ्याला हात लावत नाही.

दुसरं, पळणारा घोडा चारी पाय पुढे-मागे ताणून काढू नका. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ मध्ये एप्समच्या शर्यतीच्या चित्रात तसेच काढले, तेव्हा नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हतं. १८७८ मध्ये मायब्रिज या फोटोग्राफरने ओळीने कॅमेरे लावले तेव्हा कळलं की चारी पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. आता तर मोबाईलात स्लो मोशन आहे, तरी जुनं कॅलेंडर बघून काढायचं हा आळस झाला.

मागच्या पायाचा टोकदार सांधा म्हणजे टाच, गुडघा वर पोटाजवळ असतो.

डोळे बाजूला, बाहुली आडवी.

नाकासमोर मोबाईल धरून फोटो नको, नाक भोपळ्याएवढं येतं. लांब उभं राहून झूम करा.

आणि प्रत्येक घोडा मागच्या पायांवर कशाला उभा करता? स्टब्ज या इंग्रज चित्रकाराने व्हिसलजॅकेट नावाचा घोडा तसा काढला, मागे बॅकग्राउंडसुद्धा नाही, पण त्याआधी त्याने मेलेले घोडे सोलून स्नायू न स्नायू बघितला होता. आठवडाभराच्या क्लासवर ती पोझ पेलत नाही. त्यापेक्षा घोडा चारा खात असताना तासभर शेजारी बसा, आणि पेन्सिल काढायच्या आधी मालकाला त्याचा स्वभाव विचारा.