सैन्यात जायचंय? मग अकरावीचा फॉर्म भरतानाच या चुका टाळा

'काका, मला आर्मीत जायचंय' म्हणणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी एकच विचारतो: अधिकारी म्हणून, की जवान म्हणून? बहुतेक जण गप्प होतात. बारावीनंतर एनडीएमधून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून गेलात तर अधिकारी होता. जवान म्हणून, म्हणजे अग्निवीर होऊन गेलात तर 4 वर्षांची सेवा, आणि त्यानंतर तुकडीतल्या जास्तीत जास्त 25 टक्के जणांना पुढे ठेवून घेतात. दोन्ही वाटा मानाच्या आहेत, पण त्यांची तयारी वेगळी. हे ठरवायच्या आधीच क्लासची फी भरणारे पालक पाहिले की जीव तुटतो.

सगळ्यात महाग पडते ती विषय निवडताना झालेली चूक. मुंबईत दहावीनंतर अर्धी बिल्डिंग कॉमर्सला जाते, आणि तिथे 'मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)?' या प्रश्नाला सोपं म्हणून एसपी हेच उत्तर असतं. विक्रोळीचा एक मुलगा असाच गेला. एनसीसीत अव्वल, उंची-छाती झकास, आणि वेड लढाऊ विमानांचं. बारावीच्या दिवाळीत माझ्याकडे आला तेव्हा मलाच त्याला सांगावं लागलं, की एनडीएत हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं. पदवीनंतर एएफसीएटी ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा देऊन वैमानिक व्हायचं म्हटलं तरी बारावीचं फिजिक्स आणि मॅथ्स विचारतातच. अकरावीपासून पुन्हा सायन्स करायचं तर एनडीएची साडेएकोणीसची वयोमर्यादा आड येत होती. भूदलाला कुठलीही शाखा चालते, म्हणून त्याने एनडीएचा फॉर्म भरला. पण पेपर सगळ्यांना एकच: 900 पैकी 300 गुण गणिताचे, वर चुकीच्या उत्तराला गुण कापतात. दोन वर्षं गणिताचं पुस्तक न उघडलेलं पोर तिथे काय करणार? आता तो बीकॉम करतोय आणि सीडीएसची, म्हणजे पदवीनंतर अधिकारी होण्याच्या परीक्षेची तयारी करतोय. भूदलात जाईलही, पण विमान गेलं ते गेलंच.

म्हणून माझा हट्ट असतो: मनात थोडी जरी इच्छा असेल तरी अकरावीला पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घ्या. सायन्सला जाऊन मॅथ्स सोडून बायोलॉजी घेणाऱ्यांचंही हेच होतं.

 

दुसरी चूक धावण्याची. अग्निवीर भरतीत 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळालं तर पूर्ण 60 गुण मिळतात. ऑनलाइन परीक्षेचा निकाल आला की पोरं खडबडून जागी होतात आणि मरीन ड्राइव्हच्या काँक्रीटवर जीव खाऊन पळतात. पंधरा दिवसांत नडगी धरते, आणि भरतीच्या रॅलीत, म्हणजे मैदानी चाचणीत लंगडत उतरावं लागतं. मला या घाईचा मनस्वी राग आहे. निदान सहा महिने आधी सुरुवात करा, आणि शिवाजी पार्कसारख्या मातीच्या मैदानावर. पहिला महिना घड्याळ घरी ठेवा. नुसतं सलग पळा, वेग नंतर येतो. पुलअप्सलाही 40 गुण आहेत, त्यामुळे घराजवळच्या बागेतला बार रोज धरा.

'आतून सेटिंग आहे' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका रिक्षावाल्या वडिलांनी बायकोचे दागिने मोडून अशा माणसाला पैसे दिले. मुलगा स्वतःच्या मेहनतीने लेखी पास झाला होता, तरी तो माणूस 'मेडिकल माझ्या हातात' म्हणत आणखी मागत राहिला. मेडिकल लष्कराचे डॉक्टर करतात, त्यात दलालाचा हात पोचत नाही. अर्ज मुलाने स्वतःच्या मोबाइल नंबरवरून आणि ईमेलवरून भरावा, पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे ठेवू नये.

मेडिकलच्या आधीच कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या. हौसेने टॅटू काढू नका. आणि आजच दहावीची मार्कशीट आणि आधार कार्ड शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळवून पाहा. फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करायला टाका, कारण रॅलीच्या आदल्या आठवड्यात ते होत नाही.