रविवारच्या उपदेशाची तयारी: एक उतारा, एक वाक्य

मराठवाड्यात अनेक ख्रिस्ती पाळकांकडे (धर्मगुरूंकडे) एकाहून अधिक मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, असतात. सकाळी तालुक्याच्या गावी उपासना, दुपारी एखाद्या वाडीवर दुसरी, आणि आठवडाभर आजाऱ्यांच्या भेटी, दफनविधी, सोयरिकीची बोलणी, कागदपत्रांसाठी कचेरीचे हेलपाटे. या धबडग्यात उपदेशाची तयारी शनिवारच्या रात्रीवर ढकलली जाते आणि मग ऐनवेळी आठवतील ती वचने एकामागून एक सांगून वेळ भरून काढली जाते. मंडळी आदराने ऐकून घेते, पण घरी काहीच नेत नाही. यावर उपाय एकच आहे: उपदेश बायबलच्या एका उताऱ्यातून यावा आणि त्याने एकच वाक्य सांगावे. बाकीची तयारी म्हणजे बहुतांशी गाळणे होय.

पैठण, गंगाखेड आणि नरसी ही संतांची गावे ज्या प्रदेशात आहेत, तेथील श्रोत्याचा कान कीर्तनावर तयार झालेला असतो. वारकरी कीर्तनकार सेवेसाठी एक अभंग घेतो आणि दृष्टान्त देत कितीही दूर गेला तरी त्याच अभंगाच्या चरणावर परत येतो. उपदेशकाने ही शिस्त घेण्यास काहीच हरकत नाही, ख्रिस्ती कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या गीतांनी मराठी मंडळीला हा बाज केव्हाच आपलासा करून दिला आहे.

उतारा सोमवारीच ठरवावा. ज्या मंडळ्यांत वर्षाचे शास्त्रपाठ नेमून दिलेले असतात, तेथे त्यांतलाच एक घ्यावा. जेथे तसे नाही, तेथे बायबलमधील एखादे पुस्तक क्रमाने घ्यावे, म्हणजे आपल्या आवडीच्या आठ-दहा वचनांभोवती फिरत राहण्याची सवय मोडते. पहिले दोन दिवस टीकाग्रंथ (उताऱ्यांचा अर्थ उलगडून सांगणारी पुस्तके) उघडू नयेत आणि मोबाइलवरचे इतरांचे संदेश तर ऐकूच नयेत. दुसऱ्याचा उपदेश एकदा कानात बसला, की उताऱ्यातले आपल्याला काही दिसतच नाही. उतारा मोठ्याने वाचावा, शक्य तर दोन भाषांतरांत. आधी काय घडले, कोण कोणाशी बोलत आहे, कोठे खटकते, हे वहीत लिहावे. टीकाग्रंथ बुधवारी उघडावा, तो आपल्या चुका दुरुस्त करण्यासाठी.

हे काम कसे चालते ते रूथच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावरून पाहू. देशात दुष्काळ पडतो, बेथलेहेमचा अलीमलेख बायको नामी आणि दोन मुले घेऊन मवाब देशात जगायला जातो, तेथे तो आणि पुढे दोन्ही मुले मरतात, आणि नामी सून रूथ हिला घेऊन परत येते. या अध्यायावर हमखास ऐकू येणारा उपदेश असा, की अलीमलेखाने देवाने दिलेला देश सोडला म्हणून त्याच्यावर हा प्रसंग ओढवला. उतारा पुन्हा वाचावा: तसे त्यात कोठेही म्हटलेले नाही. नामी आपल्या दुःखाचे बोट देवाकडे दाखवते हे खरे, परंतु स्थलांतर हे पाप होते असा निवाडा लेखक देत नाही. आता समोर कोण बसले आहे ते पाहावे. बीड किंवा जालना जिल्ह्यातील मंडळी असेल, तर तिच्यातील काही कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पोट भरण्यासाठी गाव सोडणे हाच त्यांचा अपराध, असे व्यासपीठावरून सांगितले, तर उताऱ्यात नसलेली गोष्ट देवाच्या नावाने त्यांच्या माथी मारल्यासारखे होईल.

तीच वचने नीट वाचली तर वेगळे दिसते. आपण भरलेली गेलो आणि रिकामी परतलो, असे नामी गावच्या बायकांना म्हणते (१:२१), आणि लगेच पुढच्या वचनात लेखक सांगतो, की त्या दोघी आल्या तेव्हा सातूच्या कापणीला नुकता आरंभ झाला होता. शिवाय रूथ तिच्या शेजारी उभी आहे, आणि नामी तिला जमेतही धरत नाही. यावरून उपदेशाचे वाक्य निघते: आपण रिकामे परतलो असे वाटते, तेव्हाही देवाने पुढची सोय आपल्याजवळ ठेवलेली असते. हे वाक्य वहीच्या वरच्या बाजूला लिहावे आणि जे त्याला धरून नाही ते काढून टाकावे. मवाबी लोकांचा इतिहास, नावांचे अर्थ, दाविदाची वंशावळ हे सारे खरे असले तरी या रविवारी नको. सरवा (कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे) वेचण्याचा दुसरा अध्याय पुढच्या रविवारी घेता येतो. लेवीय १९:९-१० मधील शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडण्याचा नियम तेथे सांगावा, कारण शेतावर राबलेल्या माणसाला तो समजावून द्यावा लागत नाही.

आठवड्यातील घरगुती प्रार्थना सभा ही उपदेशाची उत्तम चाचणी असते. उतारा तेथे वाचून आपण बोलण्याआधी इतरांना बोलू द्यावे. एखादी म्हातारी असा प्रश्न विचारते, की अर्धी मांडणी बदलावी लागते. मात्र त्या घरी ऐकलेले कोणाचे दुखणे किंवा भांडण, नाव गाळूनसुद्धा, रविवारी दाखला म्हणून सांगू नये. लहान गावात नाव गाळल्याने काहीही लपत नाही.

शनिवारी उपदेश उभे राहून मोठ्याने बोलून पाहावा आणि घड्याळ लावावे. वीस ते पंचवीस मिनिटे पुरेशी आहेत. मे महिन्यात पत्र्याखालच्या उपासनेत तर पंधराच बरी. पहिली चार वाक्ये आणि शेवटची चार पूर्ण लिहून काढावीत, मधल्या भागाचे फक्त टिपण ठेवावे. उपदेश लांबतो तो बहुतेक वेळा शेवट ठरवलेला नसल्यामुळे. बोलताना कागदाकडे नव्हे, मागच्या बाकापर्यंत पाहावे, माइक तोंडाला चिकटवू नये, आणि मुद्दा संपल्यावर एक श्वास थांबावे. आवाज चढवल्याने मुद्दा पटत नाही, हे काही उपदेशकांना का उमगत नाही कोण जाणे. नाताळात शेजारपाजारचे इतर धर्मांचे लोक येतात. अशा वेळी मंडळीतलीच ठरावीक भाषा टाळून घटना साधेपणाने सांगावी.

ज्या घरात कर्जापायी कोणी आत्महत्या केली आहे, तेथील दफनविधीला हे सारे नियम अपुरे पडतात. तेथे कारणमीमांसा करू नये, मृताच्या पुढील गतीविषयी निवाडा देऊ नये आणि जमलेल्यांना इशारेही देऊ नयेत. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले (ईयोब २:१३), तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. बोलू लागल्यावर चुकले. शेवटपर्यंत अंधारातच राहणारे ८८वे स्तोत्र वाचावे, पाच मिनिटे बोलावे, प्रार्थना करावी, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा त्या घरी जावे. पावसाचे, पिकाचे किंवा कर्जमाफीचे आश्वासन देवाच्या वतीने देण्याचा अधिकार पाळकाला नाही, आणि हे दुष्काळी वर्षात विशेष लक्षात ठेवावे.

उपासना संपल्यावर त्याच वहीत तारीख, गाव, उतारा आणि ते एक वाक्य नोंदवावे. सोमवारी मंडळीतील दोघा-तिघांना, त्यांत एखाद्या शाळकरी मुलालाही, काल काय ऐकले ते विचारावे. त्यांनी सांगितलेले वाक्य आपल्या वाक्याशी जुळले नाही, तर तेही तेथेच लिहून ठेवावे आणि पुढच्या आठवड्याचा उतारा वाचायला घ्यावा.