फिरकी घ्या, पण माणूस सांभाळा: मित्रांसोबत आयपीएलची मॅच कशी बघावी

टी-ट्वेंटीची मॅच साडेतीन-चार तास चालते, आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो फार थोडा वेळ. बाकी वेळ बोलर रनअपच्या टोकाकडे चालत असतो, कॅप्टन फिल्डिंग हलवत असतो, थर्ड अंपायर तोच रिप्ले पुन्हा पुन्हा बघत असतो किंवा जाहिराती चालू असतात. एकट्यानं मॅच बघताना हा सगळा वेळ मोबाइलमध्ये जातो. चार डोकी जमली की त्याच वेळात गप्पा रंगतात. माझं ठाम मत आहे की मॅच एकत्र बघायची ती या गप्पांसाठीच. म्हणून तयारी करताना टीव्हीइतकाच विचार माणसांचा आणि बोलण्याचा करावा.

उदाहरण पुण्याचं घेतो, कारण खेचाखेचीसाठी याहून चांगलं शहर नाही. २०११ ते २०१३ पुणे वॉरियर्स होती, २०१६ आणि २०१७ मध्ये रायझिंग पुणे होती, आणि त्यानंतर आयपीएलमध्ये पुण्याचा संघच उरला नाही. त्यामुळे एकाच सोसायटीत तीन-चार झेंडे दिसतात. मुंबई जवळची म्हणून काही जण मुंबईचे. धोनीपायी कितीतरी जण चेन्नईचे, आणि पुण्याचा ऋतुराज गायकवाड चेन्नईच्या पिवळ्या कपड्यांत दिसू लागल्यावर त्यांना आणखी बळ मिळालं. शिवाय २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटलं तेव्हा चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर हलवले होते. तेव्हा मैदानावर जाऊन शिट्ट्या मारून आलेली पोरं अजून ते विसरलेली नाहीत. आणि विराटसाठी बंगळुरूचा झेंडा धरणारे तर प्रत्येक मजल्यावर आहेत.

आधी मॅच ठरवा, मग माणसं

कुठलीही मॅच चालेल असं म्हणू नका. ज्या दोन संघांचे समर्थक तुमच्या ग्रुपमध्ये आहेत, ती मॅच निवडा. शनिवारची संध्याकाळ सगळ्यात बरी, दुसऱ्या दिवशी कुणाला ऑफिस नसतं. साडेसातला पहिला चेंडू पडतो, म्हणून सातला बोलवा. टॉसनंतर जाहीर झालेल्या संघावर पंधरा मिनिटं बोलण्यात वेगळीच मजा असते.

माणसं निवडताना एक गोष्ट कटाक्षानं पाळा: कुठल्याही संघाचा समर्थक एकटा पडू देऊ नका. सात मुंबईवाले आणि एक चेन्नईवाला अशी बैठक बसली की ती चेष्टा राहत नाही, त्या एकाची शिकार होते. तो हसून वेळ मारून नेईल, पण पुढच्या वेळी काहीतरी काम काढेल. प्रत्येक बाजूला निदान दोघं हवेत. एक टोमणा मारेल, दुसरा त्याला दुजोरा देईल, एवढं पुरतं.

एखादा तटस्थ माणूसही असू द्या, भांडण सोडवायला तोच कामाला येतो. आणि क्रिकेट फारसं न बघणारं कुणीतरी आवर्जून बोलवा. 'हा मधेच नवीन खेळाडू कुठून आला?' असं त्यानं विचारलं की इम्पॅक्ट प्लेअरचा नियम नीट समजावून सांगा: २०२३ पासून अकरा जणांशिवाय पाच राखीव नावं द्यायची असतात आणि त्यातला एक जण मॅच चालू असताना बदली म्हणून आणता येतो. 'एवढंही माहीत नाही?' हे वाक्य त्या संध्याकाळी घरात उच्चारलं जाता कामा नये. ज्याला एकदा असं ऐकवलं, तो परत प्रश्न विचारत नाही आणि परत येतही नाही.

एकच स्क्रीन

मोबाइलवर किंवा स्मार्ट टीव्हीच्या अ‍ॅपवर दिसणारी मॅच डिशवरच्या किंवा केबलवरच्या मॅचपेक्षा काही सेकंद मागे असते. म्हणजे तुमच्याकडे बोलर अजून रनअपला निघतोय आणि शेजारच्या घरातून 'गेला!' ओरडा ऐकू येतो. यावर खरा उपाय एकच, शक्य असेल तर डिश किंवा केबलवर मॅच लावा. ते नसेल तर खिडक्या लावून घ्या आणि स्कोअरच्या नोटिफिकेशन सगळ्यांना बंद करायला सांगा. बॉल-बाय-बॉल स्कोअर मोबाइलवर बघून विकेट आधीच जाहीर करणाऱ्याचा मोबाइल उलटा करून टीपॉयवर ठेवावा, मग तो कितीही जवळचा असो.

अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन चालू आहे ना, हे दुपारीच बघा. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज जाते, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर आहे का हेही तपासा. कॉमेंटरीचा आवाज इतकाच ठेवा की त्यावरून माणसांचं बोलणं ऐकू येईल. आयपीएलची मराठी कॉमेंटरीही असते. घरात आजी-आजोबा असतील तर तीच लावा, तेही गप्पांत येतात. पोरांना पुढे सतरंजीवर बसवा. रिमोट एकाच्याच हातात द्या.

खाणं मॅचच्या घड्याळावर

पहिल्या सहा ओव्हर पॉवरप्ले असतो, तीस यार्डाच्या वर्तुळाबाहेर फक्त दोन फिल्डर. या वेळात कुणी स्वयंपाकघरात असू नये. तोपर्यंत चहा आणि शेंगदाणे, चिवडा असं हाताला लागेल ते ठेवा. प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन स्ट्रॅटेजिक टाइमआउट असतात. पहिला सहा ते नऊ ओव्हरच्या दरम्यान बोलिंग करणारा संघ घेतो, दुसरा तेरा ते सोळाच्या दरम्यान बॅटिंग करणारा. पाणी भरणं, कांदा-कोथिंबीर चिरलेली बाहेर आणणं यात उरकतं. पोटभर खाणं दोन डावांच्या मध्ये. पावभाजी यासाठी उत्तम: भाजी आधी तयार असते, फक्त पाव भाजायचे. भेळ ठेवणार असाल तर ती ऐन वेळी कालवा, दोन ओव्हर जरी थांबली तरी चुरमुरे मऊ पडतात.

आणि ज्या घरी बैठक आहे, त्या घरच्या बायकांना रात्रभर ओट्यापाशी उभं करू नका. पाव भाजायची पाळी आलेल्या मित्रांची लावा. स्मृती मानधना सांगलीची, जेमिमा रॉड्रिग्ज मुंबईची, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप उचलणाऱ्या संघात दोघी होत्या. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग करताना जेमिमानं नाबाद १२७ केल्या, त्या रात्री कितीतरी घरांत रिमोट आई-मुलींच्या हातात होता. त्यांची मतं ऐकायची असतील तर त्या टीव्हीसमोर बसलेल्या हव्यात.

भाकितांचा कागद

पहिल्या चेंडूच्या आधी एक कागद फिरवा. प्रत्येकानं तीनच गोष्टी लिहायच्या: कोण जिंकणार, सगळ्यात जास्त धावा कुणाच्या, आणि पहिली विकेट कुठल्या ओव्हरला. खाली सही. कागद फ्रिजवर लावून टाका. संध्याकाळभर चेष्टेला दारूगोळा पुरवायचं काम हा कागद करतो, शिवाय 'मी आधीच म्हटलं होतं' म्हणणाऱ्यांचा बंदोबस्त आपोआप होतो.

पैसे मात्र लावू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण कायदा बाजूला ठेवला तरी मित्रांमध्ये पैसा आला की हसणं उसनं होतं. हरणाऱ्यानं पुढच्या वेळी सगळ्यांसाठी वडापाव आणायचे, इतकी पैज पुरे.

आता फिरकी

चांगल्या टोमण्याला आठवण लागते. नुसतं 'तुमची टीम भंगार' म्हणण्यात काही कस नाही, त्याला उत्तरही तसंच येतं आणि आवाज चढतात. तारीख, धावा, शेवटचा चेंडू अशी नेमकी गोष्ट काढा, म्हणजे समोरच्यालाही हसू येतं.

मुंबईवाल्यांकडे भरपूर माल आहे. २०१० पासून २०१९ पर्यंत मुंबई आणि चेन्नई चार फायनलमध्ये भिडले, त्यातल्या तीन मुंबईनं जिंकल्या. १२ मे २०१९ ला हैदराबादला चेन्नईला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. मलिंगानं शार्दूल ठाकूरला पायचीत केलं आणि मुंबई एका धावेनं जिंकली. शार्दूल पालघरचा, त्यामुळे 'आपल्याच पोरानं आपल्याला कप दिला' हे वाक्य मुंबईवाले अजून वापरतात. त्याच हैदराबादला दोन वर्षं आधी, २१ मे २०१७ ला, फायनलमध्ये मुंबईनं फक्त १२९ केल्या होत्या आणि पुणे १२८ वर अडकलं. धोनी त्या संघातही होता. पुणेकराला एका वाक्यात गप्प करायचं असेल तर '१२९' एवढंच म्हणावं.

पण चेन्नईवाले मुके नाहीत. २०२२ ला मुंबईनं पहिल्या आठही मॅच हरल्या आणि दहाव्या नंबरवर राहिली, २०२४ ला पुन्हा दहावी. 'खालून पहिले' हे उत्तर हमखास लागतं. मग मुंबईवाल्यानं २०२५ काढायचं, तेव्हा चेन्नई तळाला होती. चेन्नईवाल्यानं २०२१ चा ऋतुराज काढायचा, ६३५ धावा आणि सगळ्यात जास्त धावांची ऑरेंज कॅप. बंगळुरूवाल्यांना कितीतरी वर्षं 'ई साला कप नमदे'वरून (कानडीत, 'या वर्षी कप आपलाच') छळलं गेलं, आणि २३ एप्रिल २०१७ चा ईडन गार्डन्सवरचा ४९ ऑल आउट तर कुणीही काढतं. ३ जून २०२५ ला पंजाबला सहा धावांनी हरवून त्यांनी कप घेतला, तेव्हापासून त्यांच्याकडेही उत्तर आहे. आणि स्मृतीच्या नेतृत्वाखाली बंगळुरूच्या मुलींनी पुरुषांच्या आधी, २०२४ मध्येच, डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची आयपीएल, जिंकली होती, हे सांगलीकडच्या मित्राकडून ऐकून घ्यावं लागतंच.

टोमणा संघाला मारा, त्याच्या निवडीला मारा, मित्राच्या फ्रिजवरच्या भाकिताला मारा. मित्राचा पगार, वजन, जात, धर्म, गाव, त्याचं नुकतंच मोडलेलं लग्न यांना हात लावू नका. खेळाडूंच्या बायकापोरांनाही मध्ये आणू नका. कुणी 'चुकून' आणलंच तर यजमानानं लगेच तिथेच थांबवावं, हसण्यावारी नेऊ नये. यजमान गप्प बसला की बाकीच्यांना वाटतं इथे हे चालतं.

खेळाडूला झोडपतानाही जिभेला थोडा लगाम हवा. २०२४ मध्ये हार्दिक पांड्या मुंबईचा कॅप्टन झाला, तेव्हा वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलची शेवटची ओव्हर त्यानंच टाकली. पहिल्या चेंडूवर सूर्यकुमारनं सीमारेषेवर दक्षिण आफ्रिकेच्या मिलरचा झेल घेतला आणि भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. खराब फॉर्मवर बोला, चुकलेल्या शॉटवर बोला, पण माणूस निकालात काढू नका.

टोमण्याची वेळही बघावी लागते. विकेट पडल्या क्षणी एक मारा, मग समोरच्याला उत्तर द्यायला दोन चेंडू द्या. मॅच हातातून गेली आणि मित्र गप्प झाला, उशी कुशीत घेऊन बसला, की बास. आता त्याला चहा विचारा. लहान मुलांच्या बाबतीत हे दुप्पट पाळा. आठ वर्षांच्या पोराला आपला संघ हरला की खरंच रडू येतं, आणि मोठ्यांनी तेव्हा डिवचलं तर ते त्याच्या मनात राहतं.

भांडण झालंच तर

निम्मी भांडणं पायचीतवर होतात. चेंडू स्टंपला लागताना दिसतोय तरी नॉट आउट कसा? नियम असा: रिप्लेत चेंडूचा निम्म्यापेक्षा कमी भाग स्टंपला लागत असेल तर मैदानावरच्या अंपायरचा निर्णय कायम राहतो, म्हणजे 'अंपायर्स कॉल'. त्यानं आउट दिला असता तर आउटच राहिला असता. आणि आयपीएलमध्ये २०२३ पासून वाइड आणि नो-बॉलवरही रिव्ह्यू घेता येतो, त्यामुळे कॅप्टननं वाइडसाठी रिव्ह्यू मागायची 'टी'ची खूण केली म्हणून त्याला हसू नका. वाद तरीही मिटला नाही तर तटस्थ माणसाचा शब्द शेवटचा, असं सातला सगळे जमतात तेव्हाच ठरवून टाका.

सोफ्यावरची जागा न बदलण्याचा हट्ट मात्र सगळ्यांचा पुरवा. कुणी एका पायावर उभं राहिल्यामुळे पार्टनरशिप टिकली असं म्हणत असेल तर त्याला तसंच उभं राहू द्या.

शेवटच्या चेंडूनंतर

हरलेल्यांशी हात मिळवा. मग भाकितांचा कागद मोठ्यानं वाचा, टोमण्यांची एक शेवटची फेरी होऊ द्या आणि विषय तिथे बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्या दिवशी मीम चालतील, पण सकाळी सातला फोन करून डिवचणं नको.

साडेअकरा वाजलेले असतात, खालच्या मजल्यावर कुणी झोपलेलं असतं, म्हणून जिन्यात घोषणा नकोत. ताटं-वाट्या जिंकलेल्यांनी घासाव्यात, असा रिवाज पहिल्याच दिवशी पाडा. हरलेला मित्र त्या वेळात हातपाय पसरून बसतो आणि पुढची मॅच कुणाच्या घरी हे तोच ठरवतो.