हुकाची पिन मडगार्डवर ठेवताय? या चुका टाळा

गळीत हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि हा सगळा बोजा धरून ठेवते ती हुकातली लोखंडी पिन. टायर, डिझेल, वाहतुकीचा दर यावर आम्ही कट्ट्यावर तासभर बोलू. पण ट्रॉली सोडल्यावर ती पिन कुठं ठेवायची, हे कुणी कुणाला सांगत नाही.

आमच्या रानात ट्रॉली भरायला सोडली आणि ड्रायव्हरनं पिन मडगार्डवर ठेवली. ट्रॅक्टर सरीतून हलला, पिन गेली पाचटात. "मालक, हितंच ठेवल्ती की!" एवढंच तो म्हणत राहिला. पाच माणसं गुडघाभर पाचट चाळत होती, पिन काही सापडली नाही. ती सापडली खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) मोडताना, माती ढवळणाऱ्या रोटाव्हेटरला. खण्णकन आवाज आला, दोन पाती गेली. पिनला ओरखडासुद्धा नव्हता.

मडगार्डपेक्षा वाईट जागा म्हणजे पायाखालचा फूटबोर्ड. ३० मिलिमीटर जाड आणि २५ सेंटिमीटर लांब भरीव पिन जवळपास १.४ किलो भरते, शिवाय ती गोल. उतारावर घरंगळत जाऊन ब्रेकच्या पेडलखाली अडकली की पेडल पूर्ण दाबलंच जात नाही. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन ब्रेक वेगळे असतात. रस्त्यावर दोन्ही पेडलं खटक्यानं जोडायची असतात, पण कितीतरी जण रानातून निघताना ते विसरतात. अशा वेळी पिन एका पेडलखाली आणि पाय दोन्हींवर, तर ट्रॅक्टर सरळ न थांबता एका अंगाला ओढतो. मागं भरलेल्या ट्रॉल्या असताना काय होईल, ते सांगायला नको. पिकअपवाल्यांनाही हेच. टोचनाची साखळी, शॅकल (साखळी अडकवायची लोखंडी कडी), पाना सीटखाली मोकळे टाकू नका. करकचून ब्रेक मारला की सगळं पायापाशी येतं.

मग ठेवायची कुठं? माझं मत स्पष्ट आहे: पिन ट्रॅक्टरवर नको, ट्रॉलीच्या दांड्यावरच हवी. वीतभर पाइपचा तुकडा दांड्याला उभा वेल्ड करून घ्या, तळ बंद करून पाणी निघायला एक भोक ठेवा. पिनच्या डोक्याला कडी लावून बारीक साखळीनं ती दांड्याला बांधा. साखळी एवढी लांब हवी की वळणावर ताणली जाणार नाही आणि एवढी आखूड की रस्त्याला घासणार नाही. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असतानाच वेल्डिंग करत असाल तर आधी बॅटरीच्या वायरी काढा. क्लिपा, रिंगच्या छोट्या लिंच पिना आणि शॅकल झाकणाच्या डब्यात. आत जुन्या ट्यूबचा तुकडा अंथरला की खडखड थांबते.

दुसरी चूक जुगाडाची. पिनच्या खालच्या भोकात आर आकाराची क्लिप हवी, तिथं खिळा किंवा बांधायची तार दिसते. तार घासून तुटते, खिळा हादऱ्यानं निसटतो. दोन चाकी ट्रॉलीत माल मागं जादा झाला की दांडा वर उचलतो, आणि गतिरोधकावर क्लिप नसलेली पिन उडी मारून बाहेर येते. पिन नेहमी वरून खाली घाला, म्हणजे वजनानं तरी ती जागेवर राहील. सळईचा तुकडा पिन म्हणून कधीच नको. भोकात तो सैल बसतो, प्रत्येक धक्क्याला ठोकला जातो आणि भोकही मोठं करतो.

टॉप लिंकची, म्हणजे ट्रॅक्टरमागं अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याची पिन हुकात घालणारेही कमी नाहीत. एकाच डब्यात सगळ्या पिना टाकल्या की हे होणारच. लहान मापाच्या अवजारांना टॉप लिंकची पिन १९ आणि खालच्या हातांची २२ मिलिमीटर असते. त्याहून मोठ्या मापात २५ आणि २८. डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून प्रत्येक मापाच्या डोक्याला वेगळा रंग द्या. हुकाच्या पिनला भडक केशरी दिला तर ती पाचटातही दिसते. हे शहाणपण मला रोटाव्हेटरनंतर आलं.

पिन निघतच नसेल तर? हातोडा उचलू नका. बहुतेक वेळा ती जाम नसते, ताणाखाली असते. ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, दांड्याखाली टेकू द्या आणि ट्रॅक्टर बोटभर मागं घ्या. त्या वेळी ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे कुणी उभं राहायचं नाही, पोरं तर नाहीतच. ट्रॅक्टर न्यूट्रल करून, हँडब्रेक लावून, इंजिन बंद केल्यावरच आत जाऊन पिन उचला. तरीही हलली नाही तर ती वाकली आहे किंवा तिला मधे कंबर पडली आहे. नव्या पिनशेजारी धरून बघा, झीज लगेच दिसते. अशी पिन भंगारात द्या. 'असू दे, अडीनडीला' म्हणून डब्यात ठेवली की अडीनडीला तीच हाताला लागते.

ग्रीस थोडंच लावा. जादा ग्रीसला रानातली माती चिकटते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते.

आणि कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र काढायची असेल तर मोकळी पिन उघड्यावर ठेवून झोपू नका. चोरीच होते असं नाही. कुणीतरी "पावणं, जरा द्या की" म्हणून नेतो आणि त्याचा नंबर आधी लागतो. एक जादा पिन जवळ असू द्या. क्लिपा मात्र पाच-सहा घ्या, कारण मागून नेलेली क्लिप परत आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.