दोन खड्ड्यांचा संडास: शहापूर-मुरबाडच्या पावसात टिकेल असा कसा बांधावा

पाड्यावर संडासाच्या खोलीत लाकूडफाटा किंवा कोंबड्या दिसल्या की 'लोकांना सवयच नाही' असं म्हणून मोकळं होता येतं. त्याआधी मागे जाऊन खड्डा बघावा. पुष्कळदा तो पावसात तुडुंब भरून वर आलेला असतो. नाहीतर एकच खड्डा असतो आणि तो भरल्यावर पुढे काय करायचं, हे कुणी सांगितलेलंच नसतं. पैसा टाइल्स, रंग आणि दारात जातो, खड्डा उरल्यासुरल्या सिमेंटमध्ये उरकला जातो. बांधताना हा क्रम उलटा ठेवायचा: आधी खड्डे, मग भांडं, भिंती सर्वांत शेवटी. पैसे कमी पडले तर वर्षभर पत्र्याच्या आडोशावर भागतं, खड्ड्याचं तसं भागत नाही.

गावात मात्र सगळ्यांना 'सेफ्टी टाकी', म्हणजे सेप्टिक टँक, हवी असते, नाहीतर दहा फूट खोल एकच खड्डा, 'जन्मात भरणार नाही' असा. टाकी कधीतरी उपसावीच लागते आणि उपसणारी गाडी पाड्याच्या चढावर पोचत नाही. ताजा मैला माणसाकडून हाताने उपसून घेणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. खोल खड्डा तर थेट भूजलात उतरतो, म्हणजे शेजारच्या विहिरीत. दोन उथळ शोषखड्डे, म्हणजे पाणी भोवतीच्या मातीत मुरू देणारे खड्डे, आलटून पालटून वापरले की उपसायची वेळ येते तेव्हा मैल्याचं खत झालेलं असतं.

जागा आणि वेळ

खोदकाम जानेवारी ते मार्चमध्ये करा, पण जागा भर पावसातच हेरून ठेवा. श्रावणात अंगणात पाणी कुठून येतं, कुठे साचतं आणि विहिरीचं पाणी जमिनीपासून किती खाली असतं, हे बघितलं की अर्धा प्रश्न सुटतो. भातखाचराच्या कडेला किंवा पागोळ्यांखाली खड्डा नको. पावसाळ्यातल्या पाण्याची पातळी खड्ड्याच्या तळापासून दोन मीटर खाली राहत असेल, तर विहीर किंवा हातपंप किमान दहा मीटर दूर असावा. कातळाला भेगा असतील तिथे पंधरा मीटरही कमीच, आणि खड्डा विहिरीच्या उताराखालच्या अंगाला हवा.

वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी हे वेळापत्रक चालत नाही, कारण दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं. त्यांचे खड्डे निघायच्या आधी खोदून, बांधून, झाकून घ्या. होळीला माणसं परततात तेव्हा भांडं बसवता येतं.

जमीन पाणी पिते का, हे घरच्या घरी तपासता येतं. हातभर खोल खड्डा घेऊन संध्याकाळी पाण्याने भरा. सकाळी कोरडा असेल तर उत्तम. पाणी तसंच उभं असेल तर जमीन चिकण किंवा खाली कातळ आहे. तिथे खड्डा रुंद आणि कमी खोल घ्या, आणि बांधकामाबाहेर चारी बाजूंनी एक फूट जाडीचा वाळू-खडीचा भराव द्या.

खड्डे

एक माणूस वर्षाला चाळीस ते पन्नास लिटर जागा भरतो. म्हणजे पाच माणसांच्या घराला एक मीटर व्यासाचा आणि मैला आणणाऱ्या पाइपाच्या तोंडाखाली एक मीटर खोल असा एक खड्डा सुमारे तीन वर्षं पुरतो. पाइपाच्या वर आणखी एक फूट मोकळी जागा ठेवायची, म्हणून खोदकाम साडेचार फुटांपर्यंत जातं. दोन खड्ड्यांमध्ये किमान एक मीटर अंतर हवं. ते कमी झालं तर चालू खड्ड्याचं पाणी बंद खड्ड्यात झिरपतं, खत ओलंच राहतं आणि दोन खड्डे करण्यात काही अर्थच उरत नाही. घराच्या पायापासूनही मीटरभर लांब राहा.

बांधकाम अर्ध्या विटेचं, १:६ मसाल्यात (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), जाळीदार. दोन विटांमध्ये दीड-दोन इंचांची फट, आणि वरच्या थरात फट खालच्या विटेच्या मध्यावर. बाहेर वाळूचा भराव असेल तर फटी अर्ध्या इंचावर आणा, नाहीतर वाळू आत येते. पाइपाच्या वरचे थर मात्र सलग बांधा. दोन्ही खड्ड्यांना मिळून साधारण चारशे विटा लागतात. भोकं असलेल्या तीन फुटी सिमेंट रिंगाही चालतात, एका खड्ड्याला चार, फक्त क्षमता थोडी कमी भरते. आतून गिलावा करू नका आणि तळाला कोबा घालू नका. 'मजबूत काम' म्हणून गवंडी हे हटकून करतो आणि शोषखड्ड्याची टाकी होऊन बसते.

याला अपवाद आहे, तो भेगाळ कातळ किंवा उथळ भूजलाचा. तिथे तळ काँक्रीटने बंद करून बाजूंनी दीड फूट बारीक वाळू भरायची, म्हणजे पाणी गाळूनच बाहेर पडतं. खाडीलगत किंवा खाचरांच्या पट्ट्यात पाणी वरपर्यंत येत असेल तर खड्डा अर्धा जमिनीवर आणा: साचणाऱ्या पाण्याच्या फूटभर वर त्याचं तोंड, भोवती किमान मीटरभर रुंद मातीचा चोपलेला भराव. मग संडासाचा चौथराही तेवढाच उचलावा लागतो. हे विसरलं तर पाइपाला उतार मिळत नाही आणि पहिल्याच पावसात पाणी भांड्यात उलटं येतं.

झाकण दोन इंच जाडीचं सळईचं काँक्रीट, आठवडाभर पाणी मारलेलं, जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच. एकसंध झाकण उचलायला चार माणसं लागतात, म्हणून दोन तुकड्यांत ओता. शोषखड्ड्याला वासाची नळी लागत नाही. वायू मातीतच मुरतो.

चेंबर, पाइप, भांडं

भांड्यातून येणारा पाइप एका वाय आकाराच्या चेंबरमध्ये येतो आणि तिथून दोन फाटे खड्ड्यांकडे जातात. चार इंची पाइपाला दर पाच फुटांना चार इंच उतार द्या. चेंबरचा तळ गोलसर आणि गुळगुळीत घोटा, कोपऱ्यात मैला अडकता कामा नये. एक फाटा वीट आणि मातीच्या गाऱ्याने बंद करायचा. सिमेंटने बंद केलेला फाटा तीन वर्षांनी पहारीने फोडावा लागतो आणि त्यात पाइपही फुटतो. दोन्ही फाटे उघडे ठेवले तर दोन्ही खड्डे एकदमच भरतात.

भांडं ग्रामीण, तीव्र उताराचं घ्या, ट्रॅपमध्ये, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीत, वास अडवायला २० मिलिमीटर पाणी राहणारं. ते दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. शहरी भांड्याला दहा लिटर ओतावे लागतात, आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या पाड्यावर ते कोण ओतणार? इथल्याच भातसा-तानसा धरणांचं पाणी मुंबईला जातं, धरणाशेजारच्या बाईच्या डोक्यावर मात्र हंडा. ग्रामीण भांड्याने पाच जणांच्या घराला दिवसाला दोन हंडे पुरतात. संडासाला लागूनच एक पिंप ठेवा आणि ते भरायचं काम कुणाचं, हे घरात ठरवा. ते गृहीत धरून सुनेवर टाकलं की पिंप रिकामं राहतं.

खोली चार बाय पाच फुटांची असली, दार बाहेर उघडलं आणि भिंतीला एक आडवा दांडा लावला, की म्हाताऱ्या माणसालाही उठता-बसता येतं.

पैसे

स्वच्छ भारत मिशन ग्रामीणमधून पात्र कुटुंबाला १२,००० रुपये मिळतात, केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. अर्ज ग्रामपंचायतीत करायचा. आधार आणि बँक पासबुक तयार ठेवा. घरकुल मंजूर झालं असेल तर संडासाचं काय ठरलं, हे ग्रामपंचायतीत वेगळं विचारा. पैसे बहुधा बांधून, फोटो झाल्यावर येतात, म्हणून दहा-बारा घरांनी मिळून विटा, रिंगा, भांडी एकदम आणावीत. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या की एकाकडे संडास राहतो आणि दुसरा पुन्हा रानात जातो. असं घर ग्रामसभेच्या यादीत नव्याने घालून घ्या.

वापर सुरू झाल्यावर

खड्डा सुरू केल्याची तारीख भिंतीवर ऑइलपेंटने लिहा. मोरीचं पाणी खड्ड्यात सोडू नका, त्यासाठी वेगळा शोषखड्डा करा किंवा ते केळीला द्या. तीन वर्षांचा खड्डा वर्षात भरला तर बहुतेक वेळा मोरीचाच पाइप जोडलेला सापडतो. ॲसिड आणि फिनाइल ओतलं की मैला कुजवणारे जिवाणू मरतात. ब्रश आणि थोडी साबणपूड पुरे. पॅड, प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या आत जाता कामा नयेत. तुंबलं तर सळई खुपसू नका, ट्रॅप फुटतो. लवचिक वेताची काडी वापरा. भट्टीवरून परतल्यावर ट्रॅप सुकलेला असतो, आधी तांब्याभर पाणी ओता.

पाणी हळू उतरू लागलं की चेंबर उघडून फाटा बदला. बंद केलेला खड्डा दोन वर्षं शिवायचा नाही. नंतर मे महिन्यात झाकण काढून काही दिवस वारा लागू द्या. आत काळपट, भुसभुशीत, बिनवासाची माती दिसली तर फावड्याने काढून भाताच्या रोपवाटिकेत किंवा आंब्याच्या आळ्यात टाका, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना नको. ओल किंवा वास असेल तर झाकण परत ठेवा आणि पुढच्या मेची वाट बघा. रिकामा खड्डा धुवायची गरज नाही. जाळीच्या फटींत अडकलेली माती काडीने मोकळी करा, झाकणाच्या कडा गाऱ्याने बुजवा आणि पावसाआधी भोवतीचा भराव पुन्हा चोपून घ्या.