साइट लाइव्ह करताना या चुका टाळा, नाहीतर मेल बंद पडलाच म्हणून समजा

आमची पाच जणांची वेबसाइट बनवणारी एजन्सी आहे, कर्वेनगरात, खाली डेअरी आणि वर आम्ही. क्लायंटचा भडकलेला फोन कोडमुळे फार क्वचित येतो, येतो तो आजूबाजूच्या असल्या गोष्टींमुळे ज्या कोणालाच आपलं काम वाटत नाहीत.

अप्पा बळवंत चौकातले एक पुस्तकवाले काका आमचे क्लायंट. नवी साइट शुक्रवारी संध्याकाळी सातला लाइव्ह केली (हीच पहिली चूक, शुक्रवारी करूच नका) आणि सगळे घरी. शनिवारी अकराला काकांचा फोन, "अहो साइट झकास झालीय, पण कालपासून एकाही शाळेचा मेल नाही, जूनमध्ये असं होत नाही हो."

झालं असं की आमच्याकडच्या पोराने ए रेकॉर्ड (साइट कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी डोमेनची नोंद) बदलायच्या ऐवजी अख्खे नेमसर्व्हरच (जिथे डोमेनच्या सगळ्या नोंदी असतात ते) बदलले होते, साइट नव्या सर्व्हरवर आली पण मेल कुठे पोचवायचे ते सांगणारे एमएक्स रेकॉर्ड जुन्या पॅनेलमध्येच (या नोंदी भरायच्या पानावर) राहिले. आता एमएक्स सापडला नाही की पाठवणारा सर्व्हर मेल घेऊन सरळ ए रेकॉर्डच्या पत्त्यावर जातो, म्हणजे आपल्या वेब सर्व्हरच्या दारात, आणि तिथे मेल घ्यायला कोणी बसलेलंच नसतं. काही मेल बाउन्स झाले, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत गेले, काही रांगेत अडकून नंतर आले.

अशा वेळी घाबरून नेमसर्व्हर परत जुने करायला जाऊ नका. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची माहिती 48 तासांपर्यंत कॅशमध्ये (इतर सर्व्हरनी जपून ठेवलेल्या कॉपीत) राहू शकते, मग कोणाला जुनं दिसतं कोणाला नवं आणि तुम्ही दोन दिवस गोल गोल फिरता. नव्या पॅनेलमध्येच एमएक्स टाका, आणि सोबत एसपीएफ आणि डीकेआयएमचे टीएक्सटी रेकॉर्डपण (मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे समोरच्या सर्व्हरला पटवणाऱ्या नोंदी). आम्ही तेवढे विसरलो, मग काकांची कोटेशनं शाळांच्या स्पॅममध्ये जायला लागली, ते कळलं सोमवारी.

आता आम्ही नेमसर्व्हरला हातच लावत नाही. आदल्या दिवशी ए रेकॉर्डचा टीटीएल (नोंद किती सेकंद कॅशमध्ये राहायची तो आकडा) 300 वर आणतो, म्हणजे गडबड झालीच तर साधारण पाच मिनिटांत मागे फिरता येतं, 86400 तसाच ठेवलात तर 24 तास बोंबलत बसा. आणि आधी जुन्या पॅनेलचे स्क्रीनशॉट, अगदी खालपर्यंत स्क्रोल करून.

साइट गूगलवर येतच नाही अशी तक्रार आली तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडा, सर्च इंजिनला नको म्हणणारी टिक स्टेजिंगवरून (साइटच्या चाचणीच्या कॉपीवरून) तशीच आलेली असते. दहा सेकंदांचं काम.

मराठी मजकुराचं मात्र दुखणं मोठंय. क्लायंट श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल देतो, त्याच्या कॉम्प्युटरवर छान दिसते, साइटवर पेस्ट केली की नुसती कचराकुंडी, कारण त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात. युनिकोडमध्ये (यात मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असतात) कन्व्हर्ट करा, पण नंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, पुण्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी फोन येतो. आणि सेव्ह केल्यावर नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर डेटाबेसचं टेबल लॅटिन-1 मध्ये आहे का बघा, त्यात मराठी अक्षरं बसतच नाहीत, ती ज्यात बसतात त्या यूटीएफ8एमबी4 मध्ये ते करा. जे आधीच प्रश्नचिन्हं होऊन बसलंय ते मात्र परत येत नाही, मूळ फाइलवरूनच टाकावं लागतं.

शेवटचं म्हणजे डोमेन कोणाच्या नावावर आहे ते. काकांचं पुतण्याच्या नावावर निघालं, पुतण्या बंगळुरूला, ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर. "आहे हो लॉगिन, देतो" असं म्हणत काकांनी तीन आठवडे काढले होते. आता पहिल्याच मीटिंगला लॉगिन आमच्यासमोर उघडून दाखवा म्हणतो, तोवर अ‍ॅडव्हान्सपण घेत नाही, पार्टनर कितीही कुरकुरला तरी.