दहा बाय बाराच्या खोलीत मोकळा आवाज

लहान खोलीत गाणं कोंडल्यासारखं वाटतं, त्यात बहुतेक वेळा दोष स्पीकरचा नसतो, भिंतींचा असतो. स्पीकरमधून निघालेला आवाज थेट कानाशी येतो आणि तोच भिंतीवर आपटून मागोमाग पुन्हा येतो. इतक्या कमी अंतराने आलेले दोन आवाज कान एकच धरतो, आणि दिशा ठरवतो ती पहिल्यावरून. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात याचाच अभ्यास केला होता. पण भिंत किती जवळ आहे हे त्या दुसऱ्या आवाजावरून जाणवतंच. म्हणून हा पहिला पडसाद उशिरा यावा आणि हलका यावा, एवढंच बघायचं.

आमची भुसावळची खोली दहा बाय बारा, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. पुष्कळ जण स्पीकर दहा फुटी भिंतीकडे लावतात. मी बारा फुटी भिंतीकडे लावते. दोन स्पीकरमध्ये सहा फूट, भिंतीपासून अडीच फूट पुढे, आणि बसायची जागा दोघांपासून सहा-सहा फुटांवर. समभुज त्रिकोण होतो आणि डोक्यामागे सव्वादोन फूट उरतात. असं ठेवलं की बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा जवळपास साडेचार फूट जास्त चालतो, म्हणजे चार मिलिसेकंद उशिरा पोचतो. आखूड भिंतीकडे लावले, तर हेच अंतर पावणेतीन फुटांवर येतं. कोपऱ्यात मात्र स्पीकर कधीच नको. तिथे खर्ज फुगतो आणि बाकी सगळं त्याखाली दबतं.

उंची बसण्यावर ठरते. आम्ही सतरंजीवर बसून ऐकतो, तेव्हा कान अडीच फुटांवर येतात. ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा लहान भोंगा, त्याच उंचीला हवा. तुम्ही खुर्चीत बसत असाल, तर स्पीकरखालचं स्टूल उंच घ्या.

आता भिंती. यावलकडे माझ्या आजोळी धाब्याचं घर होतं. जाड, खडबडीत मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या. टाळी वाजवली की आवाज तिथेच जिरायचा. स्लॅबच्या खोलीत तीच टाळी दोन भिंतींमध्ये टर्रर्र करत राहते. तुमच्या खोलीत वाजवून बघा.

पडसादाची नेमकी जागा आरशाने सापडते. तुम्ही जागेवर बसा आणि कोणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. त्या बाजूच्या स्पीकरचा ट्विटर आरशात दिसला, की तिथे खूण करा. मी त्या जागी कापसाची गादी टांगली आहे: दोन फूट रुंद, चार फूट उंच, चार इंच जाड, लाकडी चौकटीत बसवलेली. खानदेशात कापसाला तोटा नाही. पिंजाऱ्याकडून चांगली पिंजलेली रुई भरून घ्या. गादी भिंतीपासून दोन-तीन इंच सुटी ठेवली, तर जास्त खालचे सूरही शोषले जातात. पातळ चादर टांगू नका. ती फक्त वरची झळाळी खाते आणि आवाज मळकट होतो. गादीजवळ उघडी वायर किंवा दिवा-उदबत्ती नको.

एक गादी डोक्यामागे हवीच, कारण ती भिंत सगळ्यात जवळची आहे. पण सगळ्या भिंती मढवू नका, खोली मुकी होते. उरलेल्या भिंतीला लहानमोठ्या पुस्तकांचं उघडं कपाट फार चांगलं. आवाज मरत नाही, विखुरतो. स्पीकरच्या मधोमध लोखंडी कपाट असेल तर हलवा.

मग वायरी तपासा. दोन्हीकडे लाल ते लाल, काळी ते काळी. एकीकडे उलट जोडली गेली, तर आवाज विचित्र पसरल्यासारखा वाटतो, पण मधला गायक हरवतो आणि खर्ज पातळ होतो. तो मोकळेपणा खरा नव्हे.

शेवटी स्पीकरचं तोंड वळवणं. त्यासाठी गायन आणि तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावा आणि स्पीकर तुमच्या खांद्यांच्या जरा बाहेर रोखून सुरुवात करा. गायक मधोमध पक्का बसला पाहिजे आणि तानपुरा त्याच्याभोवती पसरला पाहिजे. गायक विरघळत असेल, तर तोंडं थोडी आत; फारच आक्रसला, तर थोडी बाहेर. हे करताना कूलर बंद ठेवा. वैशाखात हे सांगणं सोपं नाही, पण रेकॉर्डिंगमधल्या मोकळ्या जागेचा भास सुराच्या विरत जाणाऱ्या शेपटीत असतो, आणि कूलर नेमकी तीच गिळतो. मे महिन्यात मी हे काम पहाटे करते.

जागा ठरली की फरशीवर चिकटपट्टीने खुणा करा. झाडू-पोछ्यात स्पीकर हलतोच, आणि दोन बोटांच्या फरकानेही गायक एका बाजूला सरकतो.